ताऱ्यांच्या आधीचे शीतमेघ

ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते. तिथे वायू आणि धूळ यांचे अतिशय विरळ मिश्रण पसरलेले असते. वस्तुमानाने पाहिले तर त्यातला सुमारे ९९ टक्के भाग वायू आणि १ टक्का धूळ. वायूत हायड्रोजन सर्वाधिक, त्याखालोखाल हेलियम, आणि कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांसारखी बाकीची मूलद्रव्ये अगदी थोडी. हे द्रव्य सगळीकडे एकाच अवस्थेत नाही. काही पट्ट्यांत ते दहा लाख केल्विनपर्यंत तापलेले असते, काही ठिकाणी ८,००० केल्विनच्या आसपास असते, तर काही ठिकाणी ते ५० ते १०० केल्विनपर्यंत निवलेले असते. सर्वांत दाट आणि काळोख्या भागांत तापमान १० ते २० केल्विन, म्हणजे उणे २६३ ते उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. तारे जन्माला येतात ते याच शेवटच्या भागांत.

याचे कारण साधे आहे. वायूचा दाब त्याला फुलवू पाहतो, गुरुत्वाकर्षण त्याला आकसू पाहते. वायू गरम असला की दाब जिंकतो. वायू पुरेसा थंड आणि पुरेसा दाट झाला तरच गुरुत्वाकर्षणाची सरशी होते. म्हणून कोट्यवधी अंशांच्या ताऱ्याची सुरुवात विश्वातल्या सर्वांत थंड जागांपैकी एका जागेत होते. ताऱ्याचे वस्तुमान किती असेल, तो एकटा असेल की जोडीने, त्याच्याभोवतीच्या ग्रहांच्या वाट्याला पाणी आणि कार्बनी रेणू किती येतील, यांतले बरेच काही तो पेटण्यापूर्वीच ठरते. थंड मेघांचा अभ्यास हा आरंभाचाच अभ्यास आहे, आणि म्हणूनच खगोलशास्त्राच्या मोलाच्या शाखांत त्याची गणना होते.

या मेघांना ‘ढग’ म्हटले तरी त्यांची घनता पृथ्वीवरच्या कशाशीही जुळत नाही. समुद्रसपाटीच्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये २७ वर १८ शून्ये एवढे रेणू असतात. आंतरतारकीय मेघात तेवढ्याच जागेत १०० ते १,००० रेणू असतात, आणि त्याच्या सर्वांत दाट गाभ्यात दहा हजार ते दहा लाख. मात्र मेघांचा विस्तार अफाट असतो. काही दहा ते काही शे प्रकाशवर्षे पसरलेल्या एका मेघात हजारो, कधी लाखो सूर्य घडतील एवढे द्रव्य मावते.

जरीपटक्याच्या माथ्यावरचे मेघ

नागपूरच्या उत्तर भागातला जरीपटका सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जवळच्या शीतमेघांचा विचार केला तर हे अक्षांश भाग्याचे आहेत. ज्या मेघांवर जगात सर्वाधिक संशोधन झाले आहे त्यांपैकी एक, वृषभ राशीतला रेण्वीय मेघ, येथे जवळजवळ डोक्यावरून जातो. कृत्तिका, रोहिणी आणि अग्नी हे तारे ओळखीचे असले की त्याची जागा सापडते. रोहिणीच्या उत्तरेला, कृत्तिका आणि अग्नी यांच्या दरम्यान तो पसरला आहे. दिवाळीच्या अमावस्येला हा भाग संध्याकाळनंतर पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्र उलटल्यावर माथ्यावर येतो. मार्गशीर्षात तो त्याहून लवकर चढतो.

हा मेघ सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ लहरींच्या आधारे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशावरून त्यातील वायूचे वस्तुमान सुमारे २४,००० सूर्यांएवढे निघाले. इतक्या द्रव्यातून आजवर तयार झालेले तरुण तारे मात्र काही शेच आहेत, आणि तेही बहुतेक सूर्याएवढे किंवा त्याहून लहान. कृत्तिकेभोवती छायाचित्रांत दिसणारी निळसर धूळ या संदर्भात हमखास आठवते. पण ती त्या ताऱ्यांच्या जन्मावेळची नाही. कृत्तिकेचा तारकागुच्छ सध्या योगायोगाने एका धुळीच्या पट्ट्यातून जात आहे.

दुसरा महत्त्वाचा मेघ उन्हाळ्यात दिसतो. वृश्चिकातल्या ज्येष्ठा ताऱ्याच्या शेजारी, भुजंगधारी तारकासमूहाच्या हद्दीत तो आहे. वैशाख-ज्येष्ठात मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरहून तो दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४५ अंश उंचीवर येतो. अंतर वृषभातल्या मेघाएवढेच. तिसरा मृग नक्षत्रातला. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर असून त्यात मोठे, तप्त तारेही घडत आहेत. मृगाच्या बाणाखाली दिसणारा अंधूक तेजोमेघ हा त्या प्रचंड शीतमेघाचा तरुण ताऱ्यांनी उजळलेला पुढचा भाग आहे.

शहराच्या दिव्यांत यातले फारसे काही दिसत नाही. आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या काळ्या भेगा, म्हणजेच हे मेघ, पाहायचे तर खरा अंधार लागतो, आणि तो याच जिल्ह्यात आहे. नागपूरच्या उत्तरेचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. परिसरातल्या गावांमधील पथदिव्यांचा उजेड वर न जाता खाली पडेल असे बदल त्यासाठी करण्यात आले. उन्हाळ्याच्या निरभ्र रात्री तिथून धनू-वृश्चिकाच्या दिशेने पाहिले की आकाशगंगेच्या दुधी पट्ट्याच्या मधोमध काळा फाटा स्पष्ट उमटतो. तिथे ताऱ्यांची वानवा नाही. पुढच्या धुळीने मागचे तारे झाकले आहेत, एवढेच.

भोक की ढग?

ही साधी गोष्ट पटायला दीडशे वर्षे लागली. विल्यम हर्शेल यांनी १७८५ मध्ये वृश्चिकातल्या अशाच एका ताराविरहित जागेचे वर्णन आकाशातले भोक असे केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रण आले आणि एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी आकाशगंगेची दीर्घ उद्भासनाची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. या काळ्या खुणा पोकळ्या आहेत की आडवे आलेले ढग, याबद्दल ते स्वतः बराच काळ साशंक होते. १९१९ मध्ये त्यांनी १८२ काळ्या खुणांची यादी प्रसिद्ध केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये निघालेल्या नकाशासंग्रहात ती संख्या जवळपास दुप्पट झाली. आजही अनेक कृष्णमेघ बर्नार्ड यांच्या क्रमांकांनीच ओळखले जातात.

ताऱ्यांमध्ये वायू असल्याचा पुरावा मात्र मृग नक्षत्रातून आला. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडचा तारा जोडतारा आहे. दोन घटक एकमेकांभोवती फिरत असल्याने त्याच्या वर्णपटातल्या रेषा पुढेमागे सरकतात. १९०४ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅम वेधशाळेत योहानेस हार्टमन यांना दिसले की कॅल्शियमची एक रेषा मात्र जागची हलत नाही. ती ताऱ्याची नव्हती. तारा आणि पृथ्वी यांच्यामध्ये असलेल्या वायूने ती उमटवली होती.

धुळीचा पुरावा १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दिला. दूरचे तारकागुच्छ त्यांच्या आकारावरून असायला हवेत त्यापेक्षा अंधूक आणि तांबूस दिसतात, कारण वाटेतली धूळ निळा प्रकाश अधिक अडवते. त्यानंतर १९४७ मध्ये बार्ट बॉक आणि एडिथ रायली यांनी लहान, गोलसर, काळ्या मेघांकडे लक्ष वेधले आणि ही ताऱ्यांच्या जन्माची ठिकाणे असावीत असे मत मांडले. त्या काळी ते सिद्ध करण्याचे साधन नव्हते. दृश्य प्रकाश या मेघांत शिरत नाही आणि तिथून बाहेरही पडत नाही. पुढचे सगळे ज्ञान रेडिओ लहरी आणि अवरक्त किरण यांनी दिले.

२१ सेंटिमीटरची लहर आणि खोडद

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असतो. दोघांच्याही फिरकीला दिशा असते. दोन्ही दिशा एकसारख्या असतील तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते, आणि इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की तेवढी ऊर्जा २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरीच्या रूपाने बाहेर पडते. एकट्या अणूच्या बाबतीत असे सरासरी सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा घडते. पण अणूंची संख्या एवढी प्रचंड असते की लहर सतत येत राहते. हेंड्रिक व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, नेदरलँड्स नाझींच्या ताब्यात असताना, ही लहर सापडेल असे भाकीत केले. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये हॅरल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी ती टिपली.

या लहरीचा अभ्यास करणारी जगातली एक मोठी दुर्बीण महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यवर्ती चौकात आहेत आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रामार्फत ती घडली. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बसवलेली पोलादी तारांची जाळी वापरल्याने एवढ्या मोठ्या तबकड्या हलक्या आणि कमी खर्चात झाल्या. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ गोंगाट कमी असणे, ही खोडद निवडण्यामागची मुख्य कारणे होती.

शीतवायूच्या अभ्यासात जीएमआरटीचे बळ शोषणाच्या मोजमापात आहे. हायड्रोजनचा वायू गरम असो वा थंड, तो २१ सेंटिमीटरची लहर सोडतोच. पण मागे दूरच्या क्वेसारसारखा प्रखर रेडिओ स्रोत असेल, तर समोरचा वायू त्याच्या लहरी शोषून घेतो, आणि वायू जितका थंड तितके हे शोषण अधिक. उत्सर्जनावरून एकूण वायू किती ते कळते, शोषणावरून त्यातला थंड किती ते. दोहोंची सांगड घातली की तापमान हाती येते. या विषयावरचे प्रमाण मानले गेलेले एक विवेचन कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाड येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांनी कार्ल हाइल्स यांच्यासह १९८०च्या दशकात लिहिले. कुलकर्णी पुढे स्पंदक तारे आणि अल्पजीवी खगोलीय स्फोट यांवरच्या कामासाठी जगभर ओळखले गेले.

पुण्याच्या केंद्रातले निसिम काणेकर, तसेच रॉबर्ट ब्राउन आणि निरुपम रॉय यांनी जीएमआरटीसह तीन देशांतल्या दुर्बिणींच्या नोंदी वापरून २०११ मध्ये एक महत्त्वाचा उंबरठा दाखवला. दृष्टिरेषेत एक चौरस सेंटिमीटर तळाच्या स्तंभात हायड्रोजनचे २ वर २० शून्ये एवढे अणू नसतील, तर वायू सहसा थंड होत नाही. या मर्यादेखाली मोजलेल्या तापमानाचा मध्य १,८०० केल्विनच्या आसपास निघाला, तिच्या वर २४० केल्विन. कारण असे असावे की वायूचा थर पुरेसा जाड असला तरच आतला भाग ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशापासून सुरक्षित राहतो आणि निवू शकतो. ताराजन्माच्या वाटेवरचे पहिले पाऊल म्हणजे हा आडोसा.

मुका हायड्रोजन

वायू आणखी दाट झाला की धुळीचा आडोसाही मिळतो. मग हायड्रोजनचे अणू धुळीच्या कणांच्या पृष्ठभागावर भेटतात आणि जोडीने रेणू होऊन सुटतात. या टप्प्यावर अभ्यासकांपुढे मोठी अडचण उभी राहते. हायड्रोजनचा रेणू २१ सेंटिमीटरची लहर देत नाही. तो दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने सहज प्रारणही करत नाही. त्याला पहिल्या योग्य ऊर्जापातळीवर चढवायलाच सुमारे ५१० केल्विनशी समतुल्य ऊर्जा लागते. १० केल्विनच्या मेघात तो पूर्णपणे मुका असतो. मेघाचा जवळजवळ सगळा ऐवज असा अदृश्य झाल्यावर त्याचा माग दुसऱ्या रेणूंवरूनच काढावा लागतो.

हायड्रॉक्सिल १९६३ मध्ये सापडले. १९६८ मध्ये चार्ल्स टाउन्स यांच्या गटाला अमोनिया सापडला आणि त्याच्या रेषांच्या परस्पर तीव्रतेवरून मेघांचे तापमान थेट मोजता येऊ लागले. निर्णायक शोध १९७० मधला. रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्‌स आणि आर्नो पेन्झियास यांनी अमेरिकेतल्या किट पीक येथील ३६ फुटी दुर्बिणीने मृगातल्या मेघात कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची लहर टिपली. हायड्रोजनच्या साधारण दहा हजार रेणूंमागे याचा एक रेणू असतो, पण तो अगदी थंडीतही लहर सोडतो. त्याच्या आधारे संपूर्ण आकाशगंगेतल्या रेण्वीय मेघांचे नकाशे तयार झाले.

हा रेणू केवळ खूण नाही, मेघ थंड ठेवण्याचे कामही तोच करतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात माठातले पाणी गार राहते ते झिरपून वाफ होणारे पाणी उष्णता घेऊन जाते म्हणून. मेघात वैश्विक किरण सतत थोडी उष्णता ओततात आणि कार्बन मोनॉक्साइडचे रेणू ती रेडिओ लहरींच्या रूपाने बाहेर नेतात. या दोहोंचा तोल १० केल्विनच्या आसपास साधला जातो. दाट गाभ्यांत हे काम धुळीकडे जाते.

धुळीचे प्रारण

मेघ मोजण्याचा दुसरा मार्ग धूळच देते. १० ते ३० केल्विनचे धूलिकण दूर अवरक्त आणि त्याहून लांब लहरींत प्रारण सोडतात. त्याची तीव्रता मोजली की धूळ किती आणि किती थंड ते कळते, आणि धुळीवरून वायू किती याचा अंदाज करता येतो. मात्र पृथ्वीच्या वातावरणातली पाण्याची वाफ हे प्रारण गिळते. त्यासाठी दुर्बीण वातावरणाच्या वर न्यावी लागते.

मुंबईच्या कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हे काम फुग्यांनी केले. एक मीटर व्यासाच्या आरशाची दूर अवरक्त दुर्बीण १९८०च्या दशकापासून हैदराबादहून फुग्याखाली बांधून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठवली जाऊ लागली. तिथे वातावरणातली जवळजवळ सगळी वाफ खाली राहते. दुर्बीण रात्रभर आकाशाचे ठरलेले भाग न्याहाळते आणि नंतर हवाईछत्रीने जमिनीवर उतरते. थंड धुळीचे क्षीण प्रारण टिपायचे तर शोधक त्या धुळीहून कितीतरी थंड असावा लागतो. म्हणून हेलियम-३ च्या साहाय्याने तो ०.३ केल्विनपर्यंत गार केला जाई. १५० आणि २१० मायक्रॉनच्या आसपासच्या दोन पट्ट्यांत एकाच वेळी मोजणी केल्याने धुळीच्या तापमानाचे नकाशे मिळाले. १९९९ पासून जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने याच दुर्बिणीवर कार्बन आयनाची १५८ मायक्रॉनची रेषा मोजणारे उपकरणही बसवले गेले. मेघाच्या कडेला, जिथे रेणू फुटून अणू होतात तिथे, वायू मुख्यतः याच रेषेने निवतो. भास्वती मुखर्जी, एस. के. घोष, देवेंद्र ओझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृगासह अनेक ताराजन्मस्थळांचा अभ्यास या मार्गाने केला.

युरोपीय अवकाश संस्थेच्या ३.५ मीटर आरशाच्या हर्शेल दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात हा विषय नव्या टप्प्यावर नेला. जवळच्या सगळ्या मेघांत तिला लांबलचक तंतूंचे जाळे दिसले. मेघ वेगवेगळे असले तरी तंतूंची रुंदी बहुधा एक तृतीयांश प्रकाशवर्षाच्या आसपास भरली. तारे घडवणारे बहुतेक गाभे दाट तंतूंतच सापडले. सव्वातीन प्रकाशवर्षे लांबीच्या तुकड्यात सुमारे १६ सूर्यांहून अधिक द्रव्य साठले की तंतू स्वतःच्या भाराने तुटू लागतो आणि त्यात गाभे तयार होतात, असे त्यावरून दिसते.

कोसळणे आणि अडणे

मेघ केव्हा कोसळेल याचा पहिला हिशेब जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडला. प्रत्येक तापमान आणि घनतेला वस्तुमानाची एक मर्यादा असते. त्याहून जास्त द्रव्य एकत्र आले की गुरुत्वाकर्षण दाबावर मात करते. तापमान १० केल्विन आणि दर घन सेंटिमीटरला दहा हजार रेणू असतील, तर ही मर्यादा काही सूर्यांच्या वस्तुमानाएवढी येते. त्याच घनतेला तापमान १०० केल्विन असेल तर ती तीसपटीहून वाढते. थंडी नसेल तर सूर्यासारखे लहान तारे घडणारच नाहीत, हे या हिशेबातून लख्ख दिसते.

पण एवढ्यावर भागत नाही. आपल्या आकाशगंगेत सुमारे शंभर कोटी सूर्यांएवढा रेण्वीय वायू आहे. तो नुसता गुरुत्वाकर्षणाने कोसळत असता तर दरवर्षी शेकडो सूर्यांएवढे तारे घडले असते. प्रत्यक्षात वर्षाला दोनच्या आसपास सूर्य घडतात. काहीतरी हे कोसळणे अडवत असते. एक अडथळा खळबळीचा. वर्णपटातल्या रेषांची रुंदी सांगते की मेघातला वायू ध्वनीच्या वेगाहून जलद हेलकावत असतो, आणि मेघ जितका मोठा तितकी ही खळबळ अधिक, हे रिचर्ड लार्सन यांनी १९८१ मध्ये दाखवले. दुसरा अडथळा तरुण ताऱ्यांचा. त्यांचे वारे आणि प्रकाश उरलेला मेघ उधळून लावतात. तिसरा चुंबकीय क्षेत्राचा.

हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून हजारो पटींनी दुबळे असते, तरी विरळ वायूला ते थोपवू शकते. लांबोडके धूलिकण या क्षेत्राशी ठरावीक कोनात लागतात. त्यामुळे धुळीतून येणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे ध्रुवण होते आणि क्षेत्राची दिशा कळते. क्षेत्राची ताकद काढण्याची पद्धत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी १९५३ मध्ये दिली. क्षेत्ररेषा जितक्या कमी विस्कटलेल्या, तितके क्षेत्र बळकट. या पद्धतीने आजही काम चालते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातले एस. एन. टंडन, ए. एन. रामप्रकाश आणि रंजन गुप्ता यांनी सिलचरच्या आसाम विद्यापीठाचे ए. के. सेन यांच्यासह बॉक यांच्या गोलकांसारख्या लहान कृष्णमेघांच्या ध्रुवणाचे नकाशे तयार केले आणि ते २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे प्लांक उपग्रहाने सगळ्या आकाशातील धुळीचे ध्रुवण मोजले. विरळ तंतू बहुधा क्षेत्राला समांतर असतात आणि दाट तंतू बहुधा त्याला काटकोनात, असे त्यातून दिसले.

गाभा

तंतूत आकार घेणारा गाभा हा ताऱ्यापूर्वीचा शेवटचा टप्पा. भुजंगधारीतला बर्नार्ड ६८ हा मेघ याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. सुमारे ४०० प्रकाशवर्षांवरचा हा मेघ अर्धे प्रकाशवर्ष रुंद असून त्यात साधारण दोन सूर्यांएवढे द्रव्य आहे. दृश्य प्रकाशात तो पूर्ण काळा दिसतो, पण अवरक्त किरणांत मागचे तारे त्याच्या आरपार दिसतात. जुआव अल्व्हेस, चार्ल्स लाडा आणि एलिझाबेथ लाडा यांनी २००१ मध्ये त्या हजारो ताऱ्यांच्या तांबूसपणावरून मेघातल्या द्रव्याची मांडणी काढली. स्वतःचे गुरुत्वाकर्षण आणि बाहेरचा दाब यांच्यात तोललेल्या वायूच्या गोळ्यासाठी गणिताने जी मांडणी सांगितली होती, तीच तिथे आढळली. हा मेघ कोसळण्याच्या अगदी काठावर आहे.

वृषभातला एल १५४४ हा गाभा तो काठ ओलांडून पुढे गेला आहे. त्याच्या मध्याचे तापमान ६-७ केल्विन असून रेषांच्या आकारावरून वायू आत ओढला जात असल्याचे दिसते. एवढ्या थंडीत कार्बन मोनॉक्साइडही धुळीवर गोठून बसते. त्यामुळे मध्यात त्याची लहर मावळते आणि नायट्रोजनयुक्त किंवा ड्युटेरियमयुक्त रेणूंवर भिस्त ठेवावी लागते. हर्शेल दुर्बिणीने २०१२ मध्ये याच गाभ्यात पाण्याची वाफ शोधली. पृथ्वीवरचे महासागर दोन हजारांहून अधिक वेळा भरतील एवढी ती होती, आणि गोठलेले पाणी त्याहून कितीतरी जास्त.

गाभ्यांचे रसायन अनपेक्षितपणे समृद्ध आहे. आंतरतारकीय अवकाशात आजवर तीनशेहून अधिक प्रकारचे रेणू सापडले आहेत. वृषभातल्याच टीएमसी-१ या गाभ्यात कार्बनच्या लांब साखळ्या मिळाल्या आणि २०१८ मध्ये बेंझिनचे वलय असलेला बेंझोनायट्राइलचा रेणूही मिळाला. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये दक्षिणेकडच्या सरडा तारकासमूहातल्या शीतमेघात पाणी, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन आणि मिथेनॉल यांचे बर्फ धुळीवर गोठलेले दाखवले. मागच्या ताऱ्यांच्या प्रकाशात या बर्फांनी उमटवलेल्या शोषण रेषा हा त्याचा पुरावा.

पृथ्वीशी याचे थेट नाते आहे. अतिथंड गाभ्यात तयार होणाऱ्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण वाढते. पृथ्वीवरच्या महासागरांतही ते विश्वाच्या सरासरीहून अनेकपट आहे. इल्सेडोर क्लीव्ह्‌ज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केलेल्या गणनेनुसार आपल्या पाण्याचा बराचसा भाग सूर्याहून जुना आहे. सूर्य ज्या शीतमेघातून जन्मला त्यातच ते पाणी गोठले होते. कन्हान नदीच्या पात्रात किंवा जरीपटक्यातल्या घरच्या पेल्यात असलेल्या पाण्याचा इतिहास असा ताऱ्यांच्या आधीपर्यंत जातो.

गाभ्यांच्या वस्तुमानांची वाटणीही बोलकी आहे. भुजंगधारी आणि इतर मेघांतल्या मोजणीत लहान, मध्यम आणि मोठ्या गाभ्यांचे प्रमाण प्रत्यक्ष ताऱ्यांच्या प्रमाणाशी मिळतेजुळते निघाले. गाभे तेवढे दोन-तीन पटींनी वजनदार. यावरून गाभ्यातले साधारण एक तृतीयांश द्रव्य ताऱ्यात जाते आणि ताऱ्याचे वस्तुमान बऱ्याच अंशी गाभ्यातच ठरते, असा तर्क केला जातो. मोठ्या ताऱ्यांना तो लागू पडतो का, यावर वाद चालू आहे. त्यांचे गाभे आजूबाजूच्या मेघातून सतत नवे द्रव्य ओढत असावेत, अशी चिन्हे आहेत.

इंधनाचा हिशेब आणि पुढची साधने

शीतवायू हे दीर्घिकांचे इंधन आहे, आणि त्याचा ताळेबंद विश्वाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. विश्वात ताऱ्यांची निर्मिती आठ ते दहा अब्ज वर्षांपूर्वी शिखरावर होती. त्यानंतर ती घटत गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये आदित्य चौधरी, निसिम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शिव सेठी आणि के. एस. द्वारकानाथ यांच्यासह ती का घटली या प्रश्नाचे उत्तर खोडदहून दिले. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे २१ सेंटिमीटरचे क्षीण संकेत त्यांनी एकत्र केले. प्रत्येकीचा संकेत एकटा दिसण्यापलीकडचा होता, पण सगळे मिळून तो स्पष्ट उमटला. त्या काळच्या दीर्घिकांत अणुरूप हायड्रोजन भरपूर होता, पण तारे घडण्याचा वेग एवढा होता की एक ते दोन अब्ज वर्षांत तो संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा न आल्यानेच ताराजन्म ओसरला, असा याचा अर्थ लागतो.

या अभ्यासात एक सांधा अजून कच्चा आहे. अणुरूप थंड वायू आणि रेण्वीय मेघ यांच्यामधल्या संक्रमणात असा बराच वायू असतो, जो २१ सेंटिमीटरच्या लहरीतही नीट दिसत नाही आणि ज्यात कार्बन मोनॉक्साइडही पुरेसे नसते. हायड्रॉक्सिलच्या १८ सेंटिमीटरच्या रेषा तो दाखवू शकतात. त्यांच्यावरून चुंबकीय क्षेत्रही थेट मोजता येते. मात्र जीएमआरटीची वरची मर्यादा सुमारे १,४५० मेगाहर्ट्‌झ असल्याने १,६०० मेगाहर्ट्‌झच्या पुढच्या या रेषा तिच्या कक्षेबाहेर राहतात. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभारल्या जात असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे प्रकल्पात ही उणीव भरून निघेल. त्यातल्या दक्षिण आफ्रिकेतल्या १९७ तबकड्या दोन्ही लहरी एकाच साधनाने टिपतील. भारत सरकारने या प्रकल्पातल्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले असून देशातल्या कामाची धुरा पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे. विरळ अणूंपासून दाट रेण्वीय गाभ्यापर्यंतचा वायूचा प्रवास त्यानंतर सलग मोजता येईल, आणि मेघातल्या एवढ्या वायूपैकी इतका थोडाच वायू तारे का होतो, या प्रश्नाला आकडे मिळतील.